दुसरी किल्ली

घरादारावर नजर ठेवणारे कॅमेरे आणि त्यांच्या पोटातला मूळ-अधिकार हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कशासाठी मांडावा, असे काही मित्रांनी आम्हांस आधीच विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे, वर्कशॉपात अधिक आणि वाचनालयात सर्वांत अधिक झाले. परंतु ज्या यंत्रापुढे माणसाला आठ तास उभे राहावे लागते, त्या यंत्राची कळ कोणाच्या हाती आहे हे विचारणे हा आमच्या कामाचा पहिला धडा आहे. आणि कॅमेरा हेही एक यंत्रच आहे. कोरेगावच्या पेठेत आज किराणा दुकानावर, सराफाच्या पेढीवर, दवाखान्याच्या दारात, घेवड्याच्या पोत्यांनी भरलेल्या आडतीवर कॅमेरा बसला आहे. तो कितीला पडला हे दुकानदार सांगतो. मोबाइलवर दुकान कसे दिसते तेही कौतुकाने दाखवतो. पण या कॅमेऱ्याला हुकूम सोडण्याचा शेवटचा अधिकार कोणाचा, असे विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. या शेवटच्या अधिकाराला संगणकाच्या धंद्यात ‘रूट’ म्हणतात. त्याची हकीकत सांगण्याआधी किल्ल्या-कुलपांची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण भांडण जुनेच आहे.

आपल्याच तालुक्यात कल्याणगड उभा आहे आणि पश्चिमेला अजिंक्यतारा दिसतो, म्हणून गडापासूनच प्रारंभ करू. शिवछत्रपतींच्या राज्यात किल्ला एका माणसाच्या स्वाधीन नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे कामगार नेमीत, हे सभासदाने आपल्या बखरीत नोंदले आहे. (त्या काळी ‘कामगार’ म्हणजे अंमलदार. आमच्या लोकांच्या वाट्याला हा शब्द फार पुढे आला, आणि येताना त्यातला अंमल गळून पडला.) दरवाजे सायंकाळी लावणे, सकाळी उघडणे आणि किल्ल्या जवळ बाळगणे हे हवालदाराचे काम, पण लिहिणे सबनिसाचे आणि पहारे सरनोबताचे, त्यामुळे एकट्या हवालदाराला गड फितूर करणे सोपे राहत नसे. यात आम्हांस एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. तिन्ही अधिकार गडाच्या आत राहत. ज्या लोहाराने दरवाजाचा अडसर घडवला, त्याने आपल्या घरी एखादी जादा किल्ली ठेवून घेतली असती तर त्याची काय वाट लागली असती, हे सांगावयास नको.

आता इंग्लंडात चलू, कारण कुलपाच्या धंद्यातला सर्वांत गाजलेला वाद तिथे झाला. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि त्याखाली पाटी होती की, हे कुलूप हत्याराने उघडून दाखवील त्याला दोनशे गिनी बक्षीस. पन्नास-साठ वर्षे ते बक्षीस कोणी जिंकले नाही. दुसरा नामांकित कारखाना चब यांचा. त्यांनी १८१८ साली एक ‘भेदी’ कुलूप काढले. तरफांच्या कुलपात प्रत्येक तरफ किल्लीने नेमकी ठरल्या उंचीलाच उचलली गेली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. चबच्या कुलपात एखादी तरफ चोराच्या आकड्याने प्रमाणाबाहेर उचलली गेली की ती वरच अडके. मग मालकाने आपली खरी किल्ली घातली तरी ती फिरत नसे, आणि त्यावरून त्याला कळे की, मागे कोणी तरी हात घालून गेला आहे. कल्पना उत्तम होती.

१८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्याने चबचे भेदी कुलूप साक्षीदारांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडले. गंमत अशी की, तरफ अडकण्याची जी युक्ती मालकाला सावध करण्यासाठी होती, तिचाच उपयोग करून कोणती तरफ किती उचलावी हे त्याने ओळखले. मग तो ब्रामाच्या कुलपापुढे बसला आणि सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास काम करून तेही उघडले. दोनशे गिनी त्याला मिळाल्या.

लंडनमध्ये मोठा गहजब झाला. सभ्य लोक म्हणू लागले की, असे जाहीर प्रयोग करणे म्हणजे चोरांची शाळा काढणे होय. त्या आक्षेपाला १८५३ साली निघालेल्या, हॉब्जच्या माहितीवर रचलेल्या कुलपांच्या पुस्तकात सविस्तर उत्तर दिले आहे. त्याचा सारांश आमच्या शब्दांत असा: चोर आपल्या धंद्यात पक्के असतात, त्यांना शिकवण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही नसते, कुलपातला दोष ठाऊक नसतो तो बिचाऱ्या गिऱ्हाइकाला. दोष लपवून ठेवला तर फायदा चोराचा आणि आळशी कारखानदाराचा होतो. पुढच्या काही वर्षांत इंग्रज कारखानदारांनी कुलपे सुधारली, ती त्या पंचवीस मिनिटांमुळे. आजही एखाद्याने कॅमेऱ्यातला दोष उघड केला की कंपन्या त्याच्यावर डोळे वटारतात आणि तोच जुना आक्षेप नव्याने घेतात, म्हणून ही हकीकत लांबवली.

आपल्याकडे या धंद्याला प्रतिष्ठा दिली ती अर्देशीर गोदरेज यांनी. हे गृहस्थ मूळचे वकील. १८९४ साली एका खटल्यासाठी झांजिबारला गेले असता पक्षकाराच्या बाजूने खोटे बोलणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी वकिली सोडून दिली. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा पहिला उद्योग बसला, कारण त्यांवर ‘हिंदुस्थानात तयार झालेले’ असा छाप मारावयास गिऱ्हाईक राजी होईना आणि अर्देशीर छापाशिवाय माल द्यावयास तयार होईनात. मग मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, सव्वादोनशे चौरस फुटांहूनही लहान अशा एका शेडमध्ये त्यांनी कुलपे घडवावयास सुरुवात केली. पुढे विक्रोळीला काय उभे राहिले ते सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्याही तिथल्याच.

परंतु आम्हांस अर्देशीरांच्या तिजोरीपेक्षा त्यांच्या एका विसरल्या गेलेल्या कुलपाचे अधिक अप्रूप आहे. त्याचे नाव ‘गॉर्डियन’. या कुलपाबरोबर दोन किल्ल्या मिळत. दोन्ही किल्ल्यांनी कुलूप लागे आणि उघडे. पण दुसऱ्या किल्लीत एक जादा शक्ती होती. ती एका विशिष्ट तऱ्हेने वापरली की कुलपाच्या आतली मांडणीच बदलून जाई, आणि पहिली किल्ली निरुपयोगी होई. म्हणजे पहिली किल्ली मुनिमाकडे द्यावी, नोकराकडे द्यावी. ती हरवली, तिचा ठसा कोणी मेणात घेतला, नोकर काम सोडून गेला, तर मालकाने दुसरी किल्ली काढावी आणि पहिलीचा अधिकार काढून घ्यावा. कुलूप उघडणे ही एक गोष्ट आणि कुलूप कोणाला उघडेल हे ठरवणे ही दुसरी गोष्ट, हा भेद अर्देशीरांनी पितळेत आणि पोलादात करून दाखवला. आजच्या आमच्या विषयाचे सारे मर्म या दुसऱ्या किल्लीत आहे. श्रोत्यांनी ती लक्षात ठेवावी.

यानंतर यंत्रांचा जमाना आला, आणि आपला भाग त्यात मागे नव्हता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपल्या तालुक्यात सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानही होते. या कारखान्यांतून आधी नांगर आणि मग तेलाची इंजिने निघाली. मालक-मजुरांचे तंटे तिथेही झाले, त्यांविषयी आम्ही अन्यत्र बोलू. इथे सांगावयाचे ते इतकेच की, विहिरीवरचे इंजिन बंद पडले की गावचा मिस्त्री पान्यांची पिशवी घेऊन येई, हेड उतरवी, रिंगा बघे, नोझल साफ करी. इंजिन शेतकऱ्याने विकत घेतले म्हणजे त्याचा एकूण एक नट शेतकऱ्याचा झाला. कारखानदाराने आतल्या एखाद्या नटाचा पाना आपल्याच खिशात ठेवला आहे, असे कोणी ऐकले नव्हते. शेकडो न शिकलेली पोरे अशीच उघड्या इंजिनांवर शिकून कारागीर झाली. आमचे पहिले उस्ताद त्यांतलेच.

संगणकात हा पाना कसा लपला, ते आता पाहू. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ नावाची संगणकाची कारभारव्यवस्था रचावयास घेतली. त्या वेळी संगणक म्हणजे एका खोलीतले महागडे धूड, आणि त्यावर एकाच वेळी अनेकांनी काम करावयाचे. आतले सर्व कागद एखाद्या झाडासारखे मांडलेले: फांदी, फांदीला फांदी, शेवटी पान. झाडाचे मूळ ते ‘रूट’. प्रत्येक माणसाला आपापल्या फांदीवर काम करण्याची मुभा, परंतु मुळापाशी बसलेला एक कारभारी असा की, त्याला कोठेही जाता येई, काहीही पुसता येई, कोणालाही आत घेता येई आणि कोणालाही हाकलता येई. त्याचा क्रमांक शून्य आणि त्याचे नावही ‘रूट’च. आमच्या भाषेत बोलायचे तर गॉर्डियन कुलपाची दुसरी किल्ली ती हीच. ज्याचा संगणक, त्याचा कारभारी, इथवर तक्रारीला जागा नव्हती.

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर ‘लिनक्स’ची सुरुवात केली. ती मोफत, आणि तिची आज्ञावली कोणालाही वाचता येणारी. पुढच्या वीस वर्षांत संगणक लहान होत होत राउटरमध्ये, दाराच्या घंटीत आणि कॅमेऱ्यात मावू लागला, तेव्हा कारखानदारांनी हीच फुकटची व्यवस्था त्यांत घातली. भिंतीवरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांच्या आणि चित्रण साठवणाऱ्या डब्यांच्या आत लिनक्स आहे, आणि जिथे लिनक्स आहे तिथे तो शून्य क्रमांकाचा कारभारीही आहे. फरक इतकाच की, माल घरी आला तेव्हा मालकाला पहिली किल्ली मिळाली, मोबाइलवर चित्र पाहण्याची. दुसरी किल्ली कारखान्यात राहिली. ती अस्तित्वात आहे हेही गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही.

जिज्ञासू माणसाने ती शोधून काढलीच. जुन्या कॅमेऱ्याचे झाकण उघडले तर हिरव्या पाटीवर कडेला पुष्कळदा तीन-चार बारीक ठिपके दिसतात. माल तयार होताना त्याची चाचणी घेण्यासाठी कारखान्याने ठेवलेली ती खिडकी असते. तिला योग्य तारा जोडून दुसऱ्या टोकाला संगणक लावला, तर कॅमेरा जागा होताना काय काय पुटपुटतो ते पडद्यावर उमटते. काही कॅमेरे तिथेच मूळ-अधिकार देऊन टाकतात. काही परवलीचा शब्द मागतात, आणि एकाच नमुन्याच्या हजारो नगांचा शब्द एकच असतो. जगभर हौशी माणसे आपल्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कॅमेऱ्यावर हे करतात. कोणाला चित्रण परदेशातल्या कंपनीच्या संगणकावर न जाता घरच्या घरी ठेवावयाचे असते. कोणाला कंपनीने टाकून दिलेला माल पुन्हा चालता करावयाचा असतो. लिंकसिस कंपनीच्या एका राउटरची आज्ञावली, लिनक्सच्या परवान्याच्या अटीमुळे, २००३ साली कंपनीला प्रसिद्ध करावी लागली. तिच्यावरून २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा लोकांचा प्रकल्प निघाला आणि तो अद्याप चालू आहे. गावच्या मिस्त्रीचे हे नवे अवतार होत.

दुसरी किल्ली कंपनीच्या खिशात राहिली म्हणजे काय होते, याची एक हकीकत अमेरिकेतली आहे. ‘रिव्हॉल्व’ नावाचे, घरातले दिवे, कुलपे व इशारायंत्रे एकत्र चालवणारे एक यंत्र तीनशे डॉलरना विकले जाई. ही कंपनी २०१४ मध्ये गूगलच्या ‘नेस्ट’ने घेतली, आणि मे २०१६ मध्ये त्यामागची सेवा बंद करून टाकली. लोकांच्या घरातले चांगले चालते यंत्र एका दिवसात निकामी झाले. ते मोडले नव्हते, जळले नव्हते. दूरच्या कचेरीतून कारभारी उठून गेला, एवढेच घडले. मार्च २०२१ मध्ये याची उलट बाजू दिसली. व्हर्काडा नावाच्या कंपनीचा सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द बाहेरच्यांच्या हाती लागला आणि सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांना उघडे झाले. त्यांत कारखाने होते, तुरुंग होते, इस्पितळे होती. गिऱ्हाइकांपैकी कोणाचीही चूक नव्हती. कंपनीने सर्वांच्या दुसऱ्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्या होत्या.

खरा हाहाकार मात्र त्याआधीच, २०१६ साली झाला होता, आणि तो स्वस्तातल्या मालामुळे. त्याची सूचना चार वर्षे अगोदर मिळाली होती. २०१२ साली एका निनावी माणसाने जगभरच्या सुमारे चार लाख वीस हजार उपकरणांत शिरून इंटरनेटची एक गणती केली. शिरण्यासाठी त्याला काही विद्या लागली नाही. ‘रूट’ या नावाला ‘रूट’ हाच परवलीचा शब्द, असे जिथे होते तिथे दार उघडेच होते. कायद्याने हे कृत्य गैर होते, पण इशारा खरा होता. कारखानदारांनी तो कानाआड केला.

मग ‘मिराई’ आली. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी एक आज्ञावली लिहिली. ती इंटरनेटवर दारोदार फिरे आणि कारखान्यात घातलेले साठाहून थोडे अधिक परवलीचे शब्द एकामागून एक लावून बघे. लागला की कॅमेरा तिचा. असे कॅमेरे, राउटर आणि चित्रणाचे डबे एका वेळी सहा लाखांच्या घरात तिच्या ताब्यात होते. या फौजेला एकाच पत्त्यावर धाव घ्यावयास सांगितले की तो पत्ता कोलमडे. सप्टेंबर २०१६ मध्ये एका पत्रकाराच्या संकेतस्थळावर हल्ला झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस आज्ञावली उघड्यावर टाकण्यात आली, आणि २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या कंपनीवर धाड पडली. ही कंपनी इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगण्याचे काम करी. ती आडवी होताच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येक तास मिळेनाशा झाल्या. आज्ञावलीच्या त्या तिघा कर्त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांचा मूळ उद्योग विश्व जिंकण्याचा नव्हता. मुलांच्या एका संगणकी खेळातल्या धंद्यात प्रतिस्पर्ध्यांना खाली ओढावयाचे होते!

या प्रकरणातला जो भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही तो असा. मिराई कॅमेऱ्याच्या कायमच्या स्मृतीत बसत नसे. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की ती निघून जाई. परंतु परवलीचा शब्द तोच असल्यामुळे काही मिनिटांत ती परत येई. ‘मग मालकाने शब्द बदलावा की,’ असे आपण म्हणाल. पुष्कळांनी बदलला. पण त्यांनी बदलला तो चित्र पाहण्याचा शब्द, म्हणजे पहिली किल्ली. मूळ-अधिकाराचा शब्द काही नमुन्यांत कारखान्यातच कोरून टाकलेला होता आणि तो बदलण्याची सोयच मालकाला ठेवली नव्हती. चोराला दार सताड उघडे, आणि घरधन्याला बंद! हॉब्जचा शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा मुद्दा इतक्या ढळढळीतपणे पुन्हा सिद्ध झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हे सारे अमेरिकेतले झाले. आमच्या चळवळीत हा प्रश्न आला तो एका कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीतून. नाव सांगत नाही. तिथे कामगारांच्या डबे खाण्याच्या जागी व्यवस्थापनाने कॅमेरा लावला. शेजारच्याच भागात बायका कामावरचे कपडे बदलत. आम्ही बोलणी करावयास गेलो तेव्हा कॅमेरा काढा ही मागणी होतीच, परंतु दुसरी मागणी अशी केली की, हे चित्र कोण कोण पाहू शकते त्याची यादी द्या. यादी करावयाला तीन दिवस लागले. व्यवस्थापकाला वाटत होते की, आपण आणि सुरक्षा अधिकारी असे दोघेच. निघाले असे की, कॅमेरे बसवून गेलेल्या मुलाकडे एक परवलीचा शब्द होता. तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. त्याने आपल्या सर्व गिऱ्हाइकांना तोच शब्द ठेवला होता, लक्षात राहावा म्हणून. त्या मुलावर आमचा राग नाही. महिना बारा-पंधरा हजारांवर शिडी खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या पोराला कोणी काही शिकवलेच नव्हते. खोलीतला कॅमेरा निघाला. उरलेल्यांचे शब्द बदलून ते लाखबंद पाकिटात ठेवावे, आणि पाकीट उघडताना व्यवस्थापन व संघटना दोघांच्याही सह्या व्हाव्यात, असे करारात आले. बँकेच्या तिजोरीला रोखपाल आणि व्यवस्थापक यांच्या दोन किल्ल्या लागतात, गडावर तीन कामगार लागत, तीच ही रीत. इतके करूनही आत मूळ-अधिकाराचा शब्द कोणता आहे, हे तिथल्या कोणालाच सांगता आले नाही.

श्रोत्यांपैकी कोणास हे वकिली कुसपट वाटत असेल, तर त्यांनी फेब्रुवारी २०२५ मधले राजकोटचे प्रकरण आठवावे. तिथल्या एका प्रसूतिगृहात स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत कॅमेरा होता, आणि त्यातले चित्रण यूट्यूब व टेलिग्रामवर विकावयास मांडलेले आढळले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने ज्यांना प्रथम अटक केली, त्यांत एक लातूरचा आणि एक आपल्या शेजारच्या सांगलीचा, असे पोलिसांनी जाहीर केले. तपासात इतरही अनेक ठिकाणचे, अनेक राज्यांतले कॅमेरे उघडले गेल्याचे पुढे आले. आरोपींचे काय ते न्यायालय ठरवील. आम्हांस त्यांच्याहून अधिक सतावतो तो त्या खोलीतल्या स्त्रियांचा विचार. त्यांनी कॅमेरा घेतला नव्हता, बसवला नव्हता, त्याचा शब्द ठरवला नव्हता, आणि बहुधा तो तिथे आहे हेही त्यांना धड ठाऊक नव्हते. तपासाच्या बातम्यांत पुन्हा तेच आले: कारखान्यातून आलेला, शेंबड्या पोराने ओळखावा असा परवलीचा शब्द बदललेला नव्हता. इथे मूळ-अधिकार फोडावयाचीही गरज पडली नाही. पहिली किल्लीच दाराबाहेर टांगलेली होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाचा रोख मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवर आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे गैर. आणि कॅमेरा हाही त्या अर्थी संगणकच. म्हणजे शेजाऱ्याचा कॅमेरा उघडणारा गुन्हेगार, आणि स्वतःचा कॅमेरा उघडून पाहणारा जिज्ञासू, ही रेघ आपल्या कायद्यात निदान शब्दांत तरी दिसते. अमेरिकेत ती तितकी सरळ नव्हती. तिथे १९९८ च्या एका कायद्याने यंत्रातले संगणकी कुलूप मोडणे हेच मुळात निषिद्ध केले, मग यंत्र तुमचे का असेना. तेव्हापासून दर तीन वर्षांनी लोकांनी अर्ज करावयाचे आणि सवलती मागावयाच्या असा तिथला शिरस्ता पडला. घरातली उपकरणे दुरुस्तीसाठी उघडण्याची सवलत २०१८ साली मिळाली. विकत घेतलेली वस्तू उघडण्यासाठी सरकारदरबारी अर्ज! सातारारोडच्या इंजिनावर शिकलेल्या माणसांना हे सांगितले असते तर त्यांनी आम्हांस वेड्यात काढले असते.

विलायतेत २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच ढोबळ परवलीचा शब्द घालून माल विकण्यास बंदी झाली. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे नियम अधिसूचित केले, आणि एप्रिल २०२५ पासून ते अमलात आले. कारखानदाराने आपला माल, आतली आज्ञावलीसुद्धा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावयाचा, मगच विकावयाचा. काही कारखानदारांनी कुरकुर केली, परंतु आमच्या मते नियम योग्य आहेत आणि थोडे उशिराच आले. चाचणीच्या त्या तीन-चार ठिपक्यांचाही त्यांत विचार आहे. ती खिडकी बंद तरी करावी, नाही तर कठीण परवलीच्या शब्दाने राखावी, असे सांगितले आहे.

यातले ‘बंद करावी’ हे चोराला लागू पडते तसे मालकालाही लागू पडते, आणि ‘राखावी’ म्हटले तर तो शब्द कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न उरतो. कंपनी म्हणेल, आमच्या. सामान्य गिऱ्हाइकाला मूळ-अधिकार दिला तर तो यंत्र बिघडवील आणि बोल आम्हांस लावील, ही त्यांची भीती अगदीच पोकळ नाही, बिघडवणारे बिघडवतीलही. पण अर्देशीरांच्या गिऱ्हाइकांतही धांदरट माणसे असतीलच. म्हणून त्यांनी दुसरी किल्ली लालबागेत ठेवून घेतली नाही. ती कुलपाबरोबरच देऊन टाकली. प्रत्येक कॅमेऱ्याचा मूळ शब्द निराळा असावा आणि तो मोहोरबंद पाकिटातून खोक्यातच मालकाला मिळावा, ही मागणी आम्ही ग्राहक पंचायतीच्या मित्रांपुढे मांडली आहे. कंपनीने माल वाऱ्यावर सोडला, तर निदान गावच्या मिस्त्रीला तो उघडता येईल.

दरम्यान, हे नवे नियम नव्याने विकल्या जाणाऱ्या मालाला आहेत. कोरेगावच्या पेठेत त्याआधी बसलेले कॅमेरे भिंतीवर जसेच्या तसे आहेत. त्यांतल्या ज्यांचा शब्द बदलता येतो, त्यांचा तो बसवून गेलेल्या मुलाने ठेवलेलाच असण्याचा संभव अधिक, आणि ते काम दहा मिनिटांचे आहे. ज्यांचा मूळ शब्द कारखान्यातच कोरलेला आहे, ते निदान इंटरनेटपासून तोडून, तार थेट आतल्या डब्याला जोडून चालवता येतात. दुकान मोबाइलवर दिसणार नाही, चित्रण मात्र होत राहील.